त्यांच्या नावानं

"एवढंच करायचं," मी म्हणाले. "सकाळी आठ वाजता मोबाइल वाजेल, गोळीचं चित्र येईल. गोळी घेतली की या हिरव्या चौकोनावर बोट ठेवायचं. संध्याकाळी आठला पुन्हा तसंच."

पोपटराव जावीर कॉटवर पाय सोडून बसले होते. पाच दिवसांपूर्वी लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवता वाजवता खाली कोसळले होते. डॉक्टर पाटोळ्यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवून वाचवलं. आज घरी जायचे होते.

"आन् न्हाई ठेवलं बोट तर?"

"तर माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावापुढे लाल होईल. मग मी फोन करून तुम्हाला रागावेन."

"तुमी?" ते हसले. हसताना छातीवर हात गेला. "ताई, तुमचा आवाज म्हंजी देवळातल्या घंटीला फडकं गुंडाळल्यावानी हाय. तुमास्नी रागावता येतंया व्हय?"

शेजारी त्यांची बायको शालन पिशवीत कपडे भरत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मी त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. पेशंट घरी गेला की डॉक्टरांच्या नजरेआड होतो, दोन महिने गोळ्या घेतो, मग बरं वाटलं म्हणून सोडतो आणि पुन्हा स्ट्रेचरवर येतो. हे थांबवायला हॉस्पिटलनं हे मोबाइलचं काम सुरू केलं होतं आणि ते माझ्याकडे दिलं होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली चाळीस माणसं. आठवड्याला एक फोन, मधूनमधून व्हिडिओ कॉल, महिन्याला एकदा रिकाम्या स्ट्रिप आणून दाखवायच्या. कुणाला कुठल्या गोळीचा त्रास होतो, ते ओळखून डॉक्टरांना सांगायचं कामही माझंच.

मी पिवळी गोळी तळहातावर घेतली. "बाकीच्या गोळ्याही घ्यायच्याच, पण ही विसरायचीच नाही. हिच्यामुळे जाळीत रक्ताची गुठळी होत नाही. ही थांबली तर जाळी बंद पडेल आणि पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल असं नाही. दिवसातून दोनदा, वर्षभर. एक वेळसुद्धा चुकवायची नाही."

"ऐकलं का?" शालन नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, ह्येंच्या हातात मोबाइल टिकत न्हाई. त्येंच्या जागी मी बोट ठिवलं तर चालंल?"

मी तेव्हाही रोज पोथीचा अध्याय झाल्याशिवाय पाणी घेत नसे. मला सगळं त्याच भाषेत सुचायचं. "चालेल की," मी म्हणाले. "वर्षाचं व्रत आहे असं समजा. घरातल्या कुणी एकानं नेमानं केलं की सगळ्यांना लागतं. वडाची पूजा कोण करतं? नवरे करतात का? फक्त खंड पडू द्यायचा नाही."

"हे बरंय," पोपटराव म्हणाले. "आजारी मी, आन् नेम हिचा!"

आम्ही तिघंही हसलो.

पहिल्या महिन्यात त्यांच्या नावापुढे दोनदा लाल झालं. शालन माहेरी गेली होती. त्यानंतर एकदाही नाही. सकाळी मी कॉम्प्युटर उघडायची, तेव्हा बाकीच्यांच्या रांगेत कुठे कुठे लाल दिसायचं. जावीरांची रांग मात्र सलग हिरवी. महिन्याच्या तपासणीला शालन एकटीच यायची, रिकाम्या स्ट्रिप दोऱ्यानं बांधून. मी मोजायची, बरोबर भरायच्या.

"तुमचा बँडवाला पहिल्या नंबरात पास," पाटोळे डॉक्टर म्हणाले. मला फार बरं वाटलं. बाकीच्या पेशंटांना मी त्यांचं उदाहरण देऊ लागले.

माघातली गोष्ट. व्हिडिओ कॉल लावला तर शालननं उचलला. मोबाइल धरलेल्या हाताची बाही वर सरकली होती. कोपराखाली मोठा निळा डाग होता. त्याच्याशेजारी आणखी एक, जुना, पिवळा पडत चाललेला.

"हाताला काय झालं हो, शालनबाई?"

"कुटं काय." तिनं बाही ओढली. "दाराची कडी लागली."

मागून क्लॅरिनेटचे सूर आले. एक लांब सूर, मग मध्येच थांबून पुन्हा तोच.

"कोण वाजवतंय?"

"ह्येच की." तिचा चेहरा उजळला. "परवापास्नं परत धरलंय. घरात मानूस परत आल्यावानी वाटतंय, ताई."

"धाप नाही लागत ना?"

"आता न्हाई लागत."

मी वहीत 'त्रास नाही' असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हातावर डाग होते, दंडाजवळ, चार बोटांएवढे. त्याच्या पुढच्या वेळी गळ्याजवळ एक. दर वेळी काहीतरी कारण. बादली, उंबरा, म्हैस. मी अधिक विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढायचं नाही, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं. पण माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं. बँडवाला माणूस. वरातीत पितो. बरा होऊन ताकद आली तशी हात उचलायला लागला. त्यांना पिताना कुणी पाहिलं होतं, असं नाही. मला कुणी काही सांगितलंही नव्हतं. तरी ते मला इतकं सरळ दिसत होतं, की तपासून बघावं असं वाटलंसुद्धा नाही.

शालनसाठी मी रोजच्या वाचनात एक अध्याय वाढवला.

फाल्गुन लागल्यावर एका दुपारी त्यांचाच फोन आला. तोवर कधी त्यांनी आपणहून केला नव्हता.

"ताई, पोपट बोलतोय. बँडवाला."

"बोला."

"येक इचारायचं हुतं. डॉक्टरास्नी इचारायला भ्या वाटतंय म्हनून तुमास्नी. ती पिवळी गोळी हाय न्हवं. तिच्यापायी छातीत भाता आडकल्यावानी हुतंया. बसल्या जागी दम. दोन सूर फुकलं की तिसऱ्याला हवाच न्हाई. तिच्या जागी दुसरी कुटली मिळंल का?"

आज हा प्रश्न आठवला की मी जिथे असेन तिथे बसते. त्या गोळीनं काही जणांना दम लागतो. हृदय बिघडलेलं नसतं, फुप्फुसं बिघडलेली नसतात, नुसतं त्या गोळीमुळे होतं. तेच काम करणारी दुसरी गोळी आहे. माझ्या पाठीमागच्या कपाटात तिचे खोके होते. तोवर अकरा जणांची गोळी मी डॉक्टरांना सांगून बदलून घेतली होती. दोन मिनिटांचं काम.

समोर कॉम्प्युटरवर जावीरांची हिरवी रांग होती. डोळ्यांपुढे शालनचा दंड होता.

"गोळ्या घेताय ना?" मी विचारलं.

पलीकडे जरा वेळ गेला. "घेतोय की."

"मग घेत राहा. आणि अंगातला जोर कमी झाला असेल, तर बरंच आहे. हात तरी कमी चालतील."

"म्हंजी?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

पलीकडे दूर कुठेतरी ढोलावर थाप पडत होती, तेवढं ऐकू येत होतं. मग म्हणाले, "बरं, ताई," आणि फोन ठेवला.

आयुष्यात कुणाला असं बोलले नव्हते. पण भीती वाटली नाही. एका बाईच्या बाजूनं बोलले, याचं समाधान होतं. त्या संध्याकाळी वाचनात मन छान लागलं.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, हॉस्पिटलच्या दारात बँडचा टेम्पो उभा राहिला. टेम्पोच्या अंगावर रंगीत मोर आणि बँडचं नाव. आतून चौघांनी पोपटरावांना उचलून आणलं. लाल कोट अंगातच होता, सोनेरी गुंड्यांचा. लग्नाला निघाले होते आणि टेम्पोत चढताना पडले.

पाटोळे डॉक्टर धावत गेले. जाता जाता मला ओरडून विचारलं, "ताई, याच्या गोळ्या?"

"पहिल्या महिन्यानंतर एकही चुकलेली नाही, सर."

"मग जाळी का बंद पडावी?" ते म्हणाले आणि दार बंद झालं.

शालन बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. ती दाराकडे बघत होती. तेवढ्यात तिच्या मांडीवर टपकन रक्त पडलं. मग दुसरा थेंब.

"घोळणा फुटला वाटतं," ती म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "फुटतोय मधनंमधनं."

मी तिची मान पुढे वाकवली, नाक चिमटीत धरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा रुमाल भिजला, तिचा पदर भिजला. रक्त थांबेना. नर्सनं कापूस आणून दिला, तोही लाल झाला. साध्या घोळण्याचं रक्त एवढा वेळ वाहत नाही. पंधरा वर्षं औषधांत काढलेलं माझं डोकं तेव्हा कुठे चालू लागलं. मी तिची बाही वर केली. निळे, जांभळे, पिवळे डाग. एकही ओरखडा नाही, एकही वळ नाही. नुसते त्वचेखाली उमटलेले, गुठळी न होऊ देणाऱ्या गोळीनं उमटतात तसे.

"शालनबाई, तुम्ही कुठली गोळी घेता?"

"मला काय धाड झालीय? मी कशाला गोळी घिऊ."

"मग दुसऱ्या कुणाची?"

ती दाराकडे बघत राहिली. नाक धरलेलं असल्यानं आवाज बसका येत होता.

"त्येंचीच. पिवळी."

"कधीपासून?"

"दीड म्हैन्यानं त्येंनी सोडली. म्हनले, हिच्यापायी माझी फुक गेली. फुक गेल्यावर जगून काय लोकांच्या म्होरं टाळ्या पिटू? बाकीच्या घ्यायचे, हिला हात लावंनात. मी लई बोलले, ताई. पाया पडले. पोराची शपथ घातली. ऐकंनात. आन् सोडल्यावर चार दिसांत वाजवाया लागले. इतके खूश, की मला बी जोर करवंना." तिनं श्वास घेतला. "मग म्हनलं, खंड तर पडू द्यायचा न्हाई. सकाळी देवाम्होरं दिवा लावायचा, त्येंचं नाव घ्यायचं आन् गोळी मी गिळायची. संध्याकाळी तसंच. मग हिरव्यावर बोट."

"त्यांना माहीत होतं?"

"न्हाई. त्येंना वाटायचं मी चुलीत टाकती." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुमीच म्हनला व्हता न्हवं? घरातल्या कुनी येकानं नेमानं केलं की समद्यास्नी लागतंय."

मी तिचं नाक धरूनच होते. बोटं चिकट झाली होती.

"आणि हे डाग?"

"गोळी सुरू केल्यापास्नं. जरा कुटं टेकलं की उमटतंय. म्हनलं, त्येंचं दुखनं माझ्यावर यायला लागलं. बरंच झालं."

"शालनबाई." मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "ते तुम्हाला कधी मारायचे का हो?"

"कोन? ह्ये?" तिला खरोखर समजलं नाही. "आवं, मांजर ताटात तोंड घालतंय तर त्येला बी 'सर रं बाबा' म्हनत्यात. ह्ये काय मारत्यात." मग तिला काही आठवलं. "तुमास्नी फोन केला व्हता न्हवं त्येंनी? मीच पाठीस लागले व्हते, ताईस्नी इचारा म्हनून. फोन ठिवला आन् गप बसून ऱ्हाईले. म्हनलं काय झालं? तर म्हनले, 'शालन, ताईस्नी रागावता येतंया गं.' का रागावला, ते काय सांगितलं न्हाई."

मी नर्सला बोलावलं, शालनचं नाक तिच्या हाती दिलं आणि आत धावले. डॉक्टर दारातच भेटले. डोक्यावरची टोपी काढत होते.

"सर, पिवळी गोळी त्यांच्या पोटात गेलीच नाही. दोन महिने. बायको घेत होती, त्यांच्या नावानं. त्यांना दम लागत होता. त्यांनी मला फोन केला होता, आणि मी..."

डॉक्टरांनी टोपी हातात चुरगाळली.

"गेला तो," ते म्हणाले. "पाच मिनिटं झाली." मग म्हणाले, "गेला, हे मी सांगतो तिला. का गेला, ते सांगायचं का, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी सांगितलं. शालन रडली नाही. नाकात कापूस घातलेला होता, तोंडानं श्वास घेत बसली. बँडमधली माणसं भिंतीला टेकून रडत होती. त्यांच्या सोनेरी गुंड्यांवर ट्यूबलाइट चमकत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, तुमच्या मशिनीत बघा की. माझ्याकडनं कुटं खंड पडला का?"

मी तिचा पदर सावरला.

"जत्रेला गेलो व्हतो, तवा संध्याकाळची गोळी तासभर उशिरा गिळली. त्येनं झालं का? माझ्याकडनं झालं असंल तर सांगा. मी ऐकून घीन."

सांगायला दोनच गोष्टी होत्या. पहिली अशी, की तू गिळलेल्या गोळ्यांनी त्यांचं काहीच राखलं नाही आणि तुझ्या हिरव्या खुणांनी मला आंधळं केलं. दुसरी, की त्यांनी मला फोनवर विचारलं होतं आणि मी त्यांना झिडकारलं. पहिली सांगितली असती, तर ती त्या बाकावरून उठलीच नसती. आणि दुसरी पहिलीवाचून सांगता येत नव्हती. निदान त्या वेळी मी स्वतःला असं समजावलं.

"नाही," मी म्हणाले. "एकही चुकलेली नाही."

"येक बी न्हाई?"

"एकही नाही. तुमच्याकडून काही राहिलं नाही."

तिनं माझं मनगट सोडलं. समोरच्या भिंतीवर हॉस्पिटलनं लावलेली गणपतीची तसबीर होती, सकाळचा हार अजून ताजा होता. ती तिकडे बराच वेळ बघत राहिली.

"मी येक बी चुकवली न्हाई," ती हळूच म्हणाली, "तरी नेलं. मग त्यो कसला द्येव, ताई?"

मला तिथे बोलता आलं असतं. देवानं काही केलं नाही, शालनबाई, असं म्हणायला आवाज लागतो तेवढा माझ्याकडे होता. मी बसून राहिले. जन्मभर ज्याच्यापुढे हात जोडले, त्याच्या अंगावर मी तो दोष जाऊ दिला.

हॉस्पिटलच्या वहीत मी खरं ते लिहिलं. घरच्यांनी खूण करायची नाही असा नियम झाला, फोनवर विचारायचे प्रश्न बदलले. त्या वहीशी शालनचा काही संबंध नव्हता.

पंधरा दिवसांनी ती माझ्या खिडकीशी आली. कपाळ मोकळं. हातावरचे डाग निवळले होते. पिशवीतून तिनं पिवळ्या फडक्याची पुरचुंडी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. मी सोडून बघितली. देवघरातले टाक होते. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि झिजून ओळखू न येणारे आणखी दोन.

"हे तुमी ठिवा," ती म्हणाली. "दीर म्हनतो नदीत सोड. तसं धजवत न्हाई, आमच्या सासूच्या सासूच्या हातचं हायत. पर माझ्यानं आता त्येंच्याम्होरं बसवत न्हाई. तुमी देवाच्या बाई. तुमच्याकडं त्येंचं नीट हुईल."

"शालनबाई, असं घरातले देव..."

"नेम म्या न्हाई मोडला," ती म्हणाली. "ह्या द्येवांनी मोडला."

मागे औषधांसाठी रांग लागली होती. कुणीतरी "ओ बाई, आवरा," म्हणालं. मी दोन्ही हात पुढे केले आणि पुरचुंडी घेतली.

याला अकरा वर्षं झाली. ते टाक माझ्या देवघरात वेगळ्या पाटावर आहेत. रोज त्यांना आंघोळ घालते, भंडारा लावते, नैवेद्य दाखवते. माझ्या देवांपुढे हात जोडते, त्यांच्यापुढे जोडवत नाहीत. कित्येकदा एसटीच्या स्टँडपर्यंत गेले आहे, तिच्या गावाची गाडी लागलेली बघितली आहे आणि परत फिरले आहे.

गेल्या वर्षी ती बाजारात दिसली. मेथीची जुडी हातात घेऊन घासाघीस करत होती. केस पिकलेत. मला बघून हसली, माझी, घरच्यांची चौकशी केली. निघताना वळून म्हणाली,

"आमचं द्येव बरं हायत न्हवं, ताई?"

"बरे आहेत," मी म्हणाले.